आरती साहा : दुसऱ्या खेपेस गाठलेले बेट

ब्रिटन हे बेट आहे, हे आपण सर्वांनी शाळेत भूगोलाच्या तासाला घोकलेले असते. या बेटाच्या आणि फ्रान्सच्या मध्ये जी इंग्लिश खाडी पसरली आहे, ती अगदी अरुंद जागी २१ मैल, म्हणजे सुमारे ३४ किलोमीटर रुंद आहे. विमानाला ती ओलांडावयास काही मिनिटे पुरतात. १९९४ पासून तर तिच्या तळाखालून आगगाडीही धावते. १९५० नंतरच्या दहा वर्षांत मात्र जवळजवळ दर वर्षी ऑगस्ट महिन्यात देशोदेशीचे पोहणारे फ्रान्सच्या किनाऱ्यावर जमत, अंगाला चरबी चोपडून मध्यरात्रीच्या काळोखात पाण्यात उतरत आणि त्या बेटाच्या दिशेने हात मारू लागत. जगातील मोठमोठ्या जलतरणपटूंची ही वार्षिक शर्यत होती.

१९५९ च्या शर्यतीत कलकत्त्याची एक अठरा वर्षांची मुलगी उतरली होती. ती शर्यत तिला पुरी करता आली नाही. तरीदेखील इंग्लिश खाडी पोहून जाणारी आशिया खंडातील पहिली स्त्री म्हणून आज तिचेच नाव घेतले जाते. शर्यत हुकली आणि मान मिळाला, हे कसे घडले ते आमच्या वाचकांना सांगावे म्हणून हा लेखनप्रपंच. आरती साहा हे नाव आमच्या पिढीला क्रमिक पुस्तकांतून आणि सामान्यज्ञानाच्या प्रश्नांतून माहीत आहे. परंतु पहिली कोण, या एका ओळीच्या उत्तरात तिचे सारे आयुष्य दडपून गेले आहे. नजमा-मन्सूरा भागात राहणाऱ्या, कर्ज काढून किंवा घरच्यांचे दागिने मोडून परमुलखात आलेल्या आपल्यासारख्यांना या हकीकतीत आपल्या ओळखीचे बरेच काही सापडेल, असे आम्हांस वाटते.

आईविना पोर आणि गंगेचा घाट

आरतीचा जन्म २४ सप्टेंबर १९४० चा, कलकत्त्यातल्या एका मध्यमवर्गीय बंगाली घरातला. वडिलांचे नाव पांचूगोपाल साहा. तीन भावंडांत ती मधली. ती अवघी अडीच वर्षांची असताना आई वारली आणि मुले पांगली. थोरला भाऊ आणि धाकटी बहीण भारती मामाच्या घरी गेली. आरती उत्तर कलकत्त्यात आजीजवळ राहिली.

चार वर्षांची झाली तेव्हा ती काकांबरोबर चांपातला घाटावर अंघोळीला जाऊ लागली. मोठी माणसे घाटाच्या पायऱ्यांवर अंग चोळीत असत तोवर ही पोर पाण्यात हातपाय मारी. कोणी मुद्दाम शिकवले नाही. आपल्याकडे कोकणातली किंवा कृष्णाकाठची पोरे शिकतात तशीच ती शिकली. मुलीला पाण्याची भीती नाही, उलट ओढ आहे, हे घरच्यांच्या ध्यानात आले आणि त्यांनी तिला हातखोला स्विमिंग क्लबात घातले. त्या काळी साध्या घरातल्या मुलीला पोहण्याच्या क्लबात घालणे ही काही रोजची गोष्ट नव्हती. आई नसलेल्या मुलीबद्दल नातलगांचे मन जसे हळवे असते तसेच धास्तावलेलेही असते. या घराने हळवेपणाला वाव दिला आणि धास्ती बाजूला ठेवली, हे आम्हांस मोठे विशेष वाटते.

क्लबात तिला सचिन नाग यांच्यासारखा गुरू लाभला. हे तेच सचिन नाग, ज्यांनी १९५१ साली दिल्लीच्या पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धांत १०० मीटर फ्रीस्टाइल शर्यत जिंकून भारताला आशियाई स्पर्धांतील पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. अशा माणसाची नजर पारखी असायचीच. १९४६ साली, वयाच्या पाचव्या वर्षी, शैलेंद्र स्मृती स्पर्धेत आरतीने ११० यार्डांची फ्रीस्टाइल शर्यत जिंकली. १९४५ ते १९५१ या काळात तिने बंगालच्या राज्य पातळीवरील २२ स्पर्धा जिंकल्या. १९४८ साली राष्ट्रीय स्पर्धा आपल्या मुंबईत भरली. सात-आठ वर्षांच्या या मुलीने तेथे १०० मीटर फ्रीस्टाइल आणि २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोक या दोन शर्यतींत रौप्यपदके आणि २०० मीटर फ्रीस्टाइलमध्ये कांस्यपदक घेतले. १९५१ साली १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोक तिने १ मिनिट ३७.६ सेकंदांत पुरी केली आणि मुंबईच्या डॉली नाझीर यांचा अखिल भारतीय उच्चांक मोडला.

हेलसिंकीचा तलाव

पुढच्याच वर्षी, १९५२ साली, हेलसिंकी येथे ऑलिम्पिक भरले. भारताच्या पथकात चार मुली होत्या. धावण्यासाठी नीलिमा घोष आणि मुंबईच्या मेरी डिसोझा, आणि पोहण्यासाठी डॉली नाझीर व आरती साहा. आरतीला बारावे वर्ष लागलेले होते. पथकात सर्वांत लहान तीच. २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकच्या प्राथमिक फेरीत तिने ३ मिनिटे ४०.८ सेकंद वेळ दिली. पुढच्या फेरीसाठी ती पुरेशी नव्हती. ज्या वयात मुली लंगडी आणि सागरगोटे खेळतात, त्या वयात ती जगातल्या उत्तम जलतरणपटूंच्या रांगेत उभी राहून परतली, एवढेच त्या प्रवासाचे फलित.

याच हेलसिंकीला आपले खाशाबा जाधव कुस्तीत कांस्यपदक मिळवून आले, हे मराठी वाचकास सांगावयास नको. खाशाबांना धाडण्यासाठी गोळेश्वर आणि कराड परिसरातल्या लोकांनी वर्गणी जमवली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकले, ही गोष्ट महाराष्ट्रात घरोघर सांगितली जाते. त्या काळी भारतीय खेळाडू परदेशी जायचा तो असाच, दहाजणांच्या खिशांतून. आरतीच्याही वाट्याला सात वर्षांनी हेच यायचे होते.

हेलसिंकीहून आल्यानंतर १०० मीटर फ्रीस्टाइलमध्ये ती आपल्याच धाकट्या बहिणीकडून, भारतीकडून हरली. पाठच्या बहिणीने हरवले की कौतुक आणि सल दोन्ही एकदमच वाट्याला येतात. आरतीने फ्रीस्टाइलच्या शर्यती सोडल्या आणि सारे लक्ष ब्रेस्टस्ट्रोकवर दिले. त्याच सुमारास ती गंगेत लांब पल्ल्याच्या शर्यतींतही उतरू लागली. बंगालात नदीतल्या लांब शर्यतींची परंपरा मोठी आहे. मुर्शिदाबाद जिल्ह्यातील भागीरथीची ८१ किलोमीटरांची शर्यत आजही प्रसिद्ध आहे. तलावातल्या शर्यतीत सेकंदांचा हिशेब असतो आणि नदीत तासांचा. घाटावर पोहायला शिकलेल्या या मुलीला तासांचा हिशेब अधिक मानवला.

खाडी आणि तिची शर्यत

इंग्लिश खाडी प्रथम पोहून गेला तो कॅप्टन मॅथ्यू वेब हा इंग्रज, ऑगस्ट १८७५ मध्ये. त्यास पावणेबावीस तास लागले. पुढे ५१ वर्षांनी, १९२६ साली, अमेरिकेची गर्ट्रूड एडर्ली ही खाडी पार करणारी पहिली स्त्री ठरली, आणि तिने त्या वेळच्या सर्व पुरुषांहून कमी वेळ घेतला.

दुसऱ्या महायुद्धानंतर या साहसाला शर्यतीचे रूप आले. १९५० साली लंडनच्या 'डेली मेल' या दैनिकाने पहिली सामुदायिक शर्यत ठेवली. ती इजिप्तच्या हसन अब्देल रहीम याने जिंकली, आणि पुढच्या वर्षीही विजेता इजिप्तचाच निघाला. अरबी मुलखात राहणाऱ्या आम्हां मंडळींना हे मुद्दाम सांगावेसे वाटते. १९५३ पासून सुट्टी-शिबिरांचा प्रसिद्ध धंदेवाला बिली बटलिन याने शर्यतीचा भार उचलला आणि ती त्याच्या नावाने ओळखली जाऊ लागली. फ्रान्सच्या ग्री-ने नावाच्या भूशिरावरून निघायचे आणि इंग्लंडचा किनारा गाठायचा, असा तिचा मार्ग होता.

नकाशावर २१ मैल दिसणारी ही वाट पाण्यात तेवढी राहत नाही. दर सहा तासांनी भरती-ओहोटीची ओढ दिशा पालटते. पोहणारा समोर हात मारीत असतो आणि पाणी त्याला कधी ईशान्येला तर कधी नैऋत्येला नेत असते. त्यामुळे त्याची वाट सापासारखी वळणावळणाची होते आणि अंतर दीडपट, दुप्पट वाढते. मालवण-वेंगुर्ल्याकडचा कोणीही तांडेल सांगेल, की उधाणाच्या दिवसांत पाण्याची ओढ फार, भांगाच्या दिवसांत कमी. म्हणून खाडी पोहण्यासाठी अष्टमीच्या आसपासचे, भांगाचे दिवस निवडतात. दुसरा शत्रू थंडी. उन्हाळ्यातही तेथील पाणी १५ ते १८ अंशांच्या आसपास असते. ऑगस्टमध्ये दोह्याच्या समुद्रात पाय घालावा तर पाणी ऊन लागते. तेथे तासाभरात हातपाय बधिर होऊ लागतात. लोकरीची चरबी अंगाला चोपडायची ती यासाठीच.

तिसरी अट नियमाची. पोहणाऱ्यासोबत एक बोट चालते. तीत वाट जाणणारा नावाडी, पंच आणि पोहणाऱ्याचा स्वतःचा माणूस असतो. खाणेपिणे बोटीवरून लांबूनच द्यायचे. पोहणाऱ्याने बोटीला किंवा बोटीवरच्या माणसाला हात लावला की खेळ संपला. कतारच्या जुन्या मोतीकाढ्यांची रीत आमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. पाणबुड्या खाली जाई आणि वर होडीवर 'सैब' त्याचा दोर धरून बसे. पाणबुड्याचा जीव त्या सैबाच्या हातात असे. खाडी पोहणाऱ्याला दोर नसतो, पण त्याचे दैव मात्र तसेच त्या बोटीशी बांधलेले असते. ही बोट पुढे आरतीच्या हकीकतीत मोठी भूमिका बजावणार आहे.

अकरा हजार रुपये

१९५८ च्या बटलिन शर्यतीत डेन्मार्कमध्ये जन्मलेली ग्रेटा अँडरसन सर्वांत पहिली आली आणि पुरुषांत पहिला आला तो ब्रोजेन दास, पूर्व पाकिस्तानचा, म्हणजे आजच्या बांगलादेशाचा. त्याच वर्षी सप्टेंबरात मिहिर सेन यांनी खाडी पार केली आणि तसे करणारे ते पहिले भारतीय ठरले. एकाच उन्हाळ्यात दोन बंगाली तरुणांनी खाडी जिंकल्यावर कलकत्त्याच्या घाटाघाटावर दुसरा विषय उरला नसेल.

आरतीने ब्रोजेन दास यांना अभिनंदनाचा निरोप धाडला. हे आपल्यालाही जमेल, असे तिच्या मनाने घेतले होते. ब्रोजेन दास यांनी पुढच्या वर्षाच्या शर्यतीसाठी संयोजकांकडे तिचे नाव सुचवले. फाळणीला तेव्हा अवघी अकरा-बारा वर्षे झाली होती. ढाक्याच्या बाजूच्या माणसाने कलकत्त्याच्या मुलीचे नाव पुढे करावे, यात खेळाडूचा मोठेपणा तर आहेच, पण ज्या नद्यांच्या पाण्यावर ही माणसे वाढली त्या पाण्याचे नातेही आहे.

बोलावणे आले. आता प्रश्न पैशाचा. जाण्यायेण्याचे भाडे, परदेशातला मुक्काम, बोटीचा खर्च. मध्यमवर्गीय घराने हा आकडा ऐकूनच हात टेकावेत. हातखोला क्लबाचे एक पदाधिकारी डॉ. अरुण गुप्ता यांनी पुढाकार घेतला. आरतीच्या पोहण्याचे जाहीर कार्यक्रम ठेवून पैसा जमवण्यात आला. क्लबातली इतर मंडळीही झोळी घेऊन फिरली. तरीही तूट राहिलीच. अखेर काही मित्रांनी हा विषय पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र रॉय यांच्या कानी घातला आणि त्यांनी ११,००० रुपयांची व्यवस्था केली. सोने तोळ्याला शे-सव्वाशे रुपये होते, त्या काळातली ही रक्कम. पंतप्रधान पंडित नेहरू यांनीही या प्रयत्नात रस घेतला होता.

तयारीही तशीच कसून झाली. १३ एप्रिल १९५९ रोजी देशबंधू पार्कच्या तलावात हजारो लोकांच्या समोर आरती सलग आठ तास पोहली. नंतर पुन्हा एकदा, सलग सोळा तास. बंगालच्या उकाड्यात, तळ्याच्या कोमट पाण्यात सोळा तास काढणे आणि खाडीच्या थंडगार पाण्यात सोळा तास काढणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पण कलकत्त्यात थंड समुद्र कोठून आणायचा? जे पाणी होते त्यात तिने सराव केला.

२४ जुलै १९५९ रोजी ती डॉ. गुप्तांसह इंग्लंडला निघाली. १३ ऑगस्टला तिने खाडीच्या पाण्यात शेवटचा सराव सुरू केला. म्हणजे त्या पाण्याची ओळख करून घेण्यास तिच्या हाती जेमतेम पंधरा दिवस होते.

चाळीस मिनिटे

२७ ऑगस्ट १९५९. आपल्याकडे गोकुळाष्टमीच्या आसपासचे दिवस. खाडीत भांगाचे पाणी. २३ देशांचे ५८ स्पर्धक ग्री-ने भूशिरावर जमले होते. त्यांत स्त्रिया फक्त पाच. रात्री १ वाजता शर्यत सुटायची होती. ती सुटली; सारे पाण्यात उतरले. आरती मात्र किनाऱ्यावरच उभी. तिची बोट आली नव्हती.

त्या क्षणी तिच्या मनात काय उलथापालथ झाली असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. वर्षभराची तयारी, शेकडो लोकांचा पैसा, मुख्यमंत्र्यांचा हात पाठीशी, आणि अडले कशावर, तर एका बोटीवर. बोटीशिवाय पाण्यात उतरण्याची परवानगी नाही आणि ते शहाणपणाचेही नाही. बोट आली तेव्हा चाळीस मिनिटे उलटून गेली होती. जमिनीवर चाळीस मिनिटे म्हणजे काहीच नव्हे. पण खाडी पोहणाऱ्याचे सारे वेळापत्रक भरती-ओहोटीच्या घड्याळावर बेतलेले असते. कोणत्या तासाला पाणी साथ देईल आणि कोणत्या तासाला पाठ फिरवील, हे आधी मोजून मग निघण्याची वेळ ठरते. ते घड्याळ कोणासाठी थांबत नाही. सुरुवातीला गेलेली चाळीस मिनिटे शेवटी तासांच्या रूपाने वसूल होतात.

घडलेही तसेच. सकाळी ११ वाजेपर्यंत आरती इंग्लंडच्या किनाऱ्यापासून पाच मैलांवर येऊन ठेपली होती. पाण्याने साथ दिली असती तर दोन-तीन तासांचे काम. नेमका तेथेच प्रवाह उलटला. पुढच्या पाच तासांत ती जेमतेम दोन मैल पुढे सरकली. हात चालत होते, पाय चालत होते, आणि किनारा जागच्या जागी उभा होता. दुपारी ४ वाजता नावाड्याने तिला पाण्याबाहेर येण्यास भाग पाडले. ती तयार नव्हती. बेटापासून तीन मैलांवर तिची शर्यत संपली.

नावाड्यावर ठपका ठेवण्याचा मोह होतो, पण आम्हांस तो योग्य वाटत नाही. थंड पाण्यात चौदा तास काढलेल्या माणसाला आपल्या अंगातले बळ किती उरले आहे याचा अंदाज राहत नाही. तो अंदाज बोटीवरच्या माणसालाच घ्यावा लागतो. पाचच वर्षांपूर्वी, १९५४ साली, सोबत बोट न घेता एकट्याने खाडीत उतरलेला एक इंग्रज बुडून मेला होता. उशिरा आलेल्या बोटीने तिची शर्यत घालवली हे खरे; पण वेळेवर घेतलेल्या निर्णयाने तिचा दुसरा प्रयत्न शक्य झाला, हेही तितकेच खरे.

दुसरी खेप

शर्यत संपली. बक्षिसे वाटली गेली. देशोदेशीचे पोहणारे आपापल्या गावी परतले. आरतीच्या समोर आता तोच प्रश्न उभा होता, जो परदेशात अपयश आलेल्या प्रत्येक माणसासमोर उभा राहतो: परत जायचे की थांबायचे?

परत जाण्यात नामुष्की नव्हती. बोट उशिरा आली हे सर्वांना माहीत होते. कलकत्त्याने तिला पदराखाली घेतलेच असते. वर्षाने पुन्हा शर्यत येणारच होती. पण पुढच्या वर्षी पुन्हा झोळी घेऊन कोणाच्या दारी जायचे? आखातात राहणाऱ्या आमच्या बांधवांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. दुसऱ्याच्या पैशाने घर सोडलेल्या माणसाला रिकाम्या हातांनी परतण्याचा रस्ता फार लांबचा वाटतो. आरतीने थांबण्याचे ठरवले. शर्यत नसली तरी खाडी होतीच. तिने एकटीने, स्वतंत्रपणे, पुन्हा प्रयत्न करावयाचे योजले.

थांबणे सोपे गेले नाही. तिचे व्यवस्थापक, डॉक्टर आणि परमुलखातला एकमेव आधार, असे सारे काही असलेले अरुण गुप्ता नेमके या काळात आजारी पडले. दिवस लहान होऊ लागले, हवा गार होऊ लागली. तरीही सराव चालू राहिला. २४ सप्टेंबरला, त्याच मुक्कामात, तिला एकोणीस वर्षे पूर्ण झाली.

२९ सप्टेंबर १९५९ रोजी ती पुन्हा ग्री-ने भूशिरावरून पाण्यात उतरली. आपल्याकडे पितृपक्ष संपत आला होता आणि सर्वपित्री अमावास्या अवघ्या तीन दिवसांवर होती. म्हणजे पाणी भांगाचे राहिले नव्हते, उधाणाकडे झुकू लागले होते. या खेपेला आजूबाजूला ५७ स्पर्धक नव्हते, किनाऱ्यावर गर्दी नव्हती, बक्षीस नव्हते. एक मुलगी, एक बोट आणि मधली खाडी. लाटा जोराच्या होत्या. पाणी तिला वळणे घ्यायला लावीत होते. सरळ रेषेत २१ मैल असणारे अंतर पार करताना ती ४२ मैल पोहली. १६ तास २० मिनिटांनंतर इंग्लंडमधील सँडगेट येथील किनाऱ्याला तिचे पाय लागले. तेथे तिने भारताचा तिरंगा फडकावला.

देशबंधू पार्कच्या तळ्यात तिने सोळा तासांचा सराव केला होता, हे वाचकांच्या लक्षात असेलच. खाडीने त्याहून फक्त वीस मिनिटे जास्त मागितली.

पहिले अभिनंदन केले ते लंडनमधील भारताच्या उच्चायुक्त विजयालक्ष्मी पंडित यांनी. पंडित नेहरूंनीही तिचे अभिनंदन केले. ३० सप्टेंबरला आकाशवाणीने ही बातमी देशभर ऐकवली. ज्या कलकत्त्याने रुपया-आठ आणे करून तिला धाडले होते, त्या कलकत्त्यातल्या लोकांना त्या दिवशी आपणच खाडी ओलांडल्यासारखे वाटले असल्यास नवल नाही.

नंतरचे दिवस

१९६० साली भारत सरकारने आरती साहा यांना पद्मश्री देऊन गौरवले. हा सन्मान मिळवणारी ती पहिली भारतीय महिला खेळाडू. ज्यांनी तिच्यासाठी झोळी पसरली, जे तिच्यासोबत परदेशी गेले आणि तेथे आजारी पडले, त्याच डॉ. अरुण गुप्तांशी तिचा विवाह झाला. बिधानचंद्र रॉय यांनी त्यातही वडीलधाऱ्याप्रमाणे लक्ष घातले होते. आरती साहाच्या आता आरती गुप्ता झाल्या. त्यांना एक कन्या झाली. पुढे आरतीबाईंनी रेल्वेत नोकरी केली आणि कलकत्त्यातच संसार केला.

नावाभोवतीचा गाजावाजा ओसरल्यावर माणसे कशी जगतात, याकडे चरित्रकार सहसा वळत नाहीत. आरतीबाईंची पुढची पस्तीस वर्षे तशी शांतपणे गेली. दर सकाळी कामावर जाणारी, घर सांभाळणारी ही बाई एकेकाळी अंधारात समुद्रात उतरली होती, हे शेजारच्या नव्या बिऱ्हाडांना कदाचित सांगावे लागत असेल.

ऑगस्ट १९९४ च्या आरंभी काविळीने व मेंदूच्या दाहाने त्या आजारी पडल्या. १९ दिवस इस्पितळात झुंज देऊन २३ ऑगस्ट १९९४ रोजी त्यांचे निधन झाले. वय ५३. त्याच वर्षी मे महिन्यात इंग्लिश खाडीखालच्या बोगद्याचे उद्घाटन झाले होते. १९९६ साली त्यांच्या घराजवळ त्यांचा अर्धपुतळा बसवण्यात आला आणि १९९९ साली टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तीन रुपयांचे तिकीट काढले.

बटलिनची ती शर्यत केव्हाच बंद पडली. पण खाडी पोहणारे भारतीय थांबले नाहीत. १९८७ साली मुंबईच्या अनिता सूद यांनी ती सव्वाआठ तासांत पार केली. बंगालच्याच बुला चौधरी यांनी १९८९ आणि १९९९ अशी दोनदा. आपल्या महाराष्ट्रातही समुद्रातल्या पोहण्याला मोठा मान आहे. धरमतर ते गेटवे, घारापुरी बेट ते गेटवे या वाटा मुंबई-ठाण्याच्या मुलामुलींनी किती वेळा पोहून काढल्या असतील, त्यास गणती नाही. संक रॉक ते गेटवे ही शर्यत आणि मालवणच्या चिवला किनाऱ्यावरच्या स्पर्धा आता आपल्या परिचयाच्या झाल्या आहेत. या स्पर्धांच्या दिवशी किनाऱ्यावर उभ्या असलेल्या आईबापांचे चेहरे पाहावेत. मुलगी दृष्टीआड गेली की त्यांची नजर बोटीकडे लागते.

आमच्या वाचकांपैकी अनेकांची मुले येथे दोह्यात पोहायला शिकतात. शिकवणारे चांगले आहेत, तलाव स्वच्छ आहेत, पाणीही हवे तसे गरम-गार करता येते. कधीतरी शर्यतीत मागे पडून मूल रडवेले होऊन घरी येते आणि उद्यापासून जाणार नाही म्हणून हट्ट धरते. अशा संध्याकाळी त्याला आरती साहाची गोष्ट सांगावी. मात्र सांगताना तिरंग्यापासून सुरुवात करू नये. बोट आली नव्हती आणि बाकीचे सगळे पुढे निघून गेले होते, तेथून सुरुवात करावी. आणि शर्यत संपल्यावर, सोबतचा माणूस आजारी असताना, ती महिनाभर त्या परक्या किनाऱ्यावर रोज सराव करीत थांबली, हा भाग अजिबात गाळू नये.